दादा कसा पडला

माझा दादा किल्ल्याच्या तिसऱ्या दरवाज्यापाशी कठड्यावरून पडून मेला, आणि पडताना त्याचं मनगट ज्याच्या हातात होतं तो माझा नवरा. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं जो तो आपल्या मनाने सांगतो. कोणी म्हणतं हात सुटला, कोणी म्हणतं मुद्दाम सोडला, कोणी तर म्हणतं ही बाई बघत होती आणि गप्प बसली. मी बघत होते हे खरं. दहा पायऱ्या वर पाण्याचा माठ घेऊन बसले होते. म्हणून मीच सांगते. आणि दादापासून सांगते, नाहीतर नुसतं पडणं सांगून कोणाला काही कळायचं नाही.

किल्ला आमच्या शहराच्या मधोमध टेकडीवर आहे. नऊशे चाळीस पायऱ्या, एकावर एक चार दरवाजे, वर राजवाडा, तोफा, पाण्याचं टाकं आणि जुनी हत्यारं ठेवलेला एक हॉल. गाड्या पहिल्या दरवाज्यापर्यंत येतात, पुढे आपले पाय. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला आमची माणसं खुर्चीतून नेतात. वेताची खुर्ची, दोन्ही अंगांना लांब दांडे, दांड्यांना पट्टे, आणि ते पट्टे खांद्यावरून घ्यायचे. एक माणूस पुढे, एक मागे. आमच्या बापाने हेच केलं, दादाने हेच केलं.

बाप मारकुटा होता. दादा चौदाचा झाला तेव्हा बापाने खुर्चीत दगड भरले आणि त्याला पुढे जुंपलं, स्वतः मागे. दादाचा पाय जरा वाकडा पडला की मागून पोटरीवर लाथ. पोटऱ्या कायम काळ्यानिळ्या. आई तेल चोळायला बसली की बाप तिलाही हाणायचा, पोराला मऊ करतेस म्हणून. दोन वर्षांनी दादाने भर पायऱ्यांवर खुर्ची टेकवली, मागे वळला आणि बापाच्या तोंडावर बुक्की मारली. दोन दात गेले. बाप तिथंच बसला, दात तळहातावर घेऊन बघितले आणि म्हणाला, आता तू शिकलास. त्यानंतर त्याने दादाला कधी हात लावला नाही. आमच्या घरात असंच चालायचं.

दादाचा आवाज मोठा, म्हणून सगळे त्याला तोफ म्हणायचे. गिऱ्हाइकाला जाता जाता किल्ल्याची माहिती द्यायचा, आणि त्यातली निम्मी घरची. दुसऱ्या दरवाज्यावर जुन्या काळी माणसांची मुंडकी टांगायचे हे खरं आहे, तिथं पाटी लावली आहे. पण पाटीवर आकडा नाही, तो दादा स्वतः घालायचा. हडकुळं गिऱ्हाईक असलं तर चाळीस मुंडकी, जाडं असलं तर तीनशे. मी एकदा विचारलं, असं का रे. तर म्हणाला, भीतीने माणूस जरा हलका होतो गं, मागच्याला तेवढंच बरं.

पण हात लगेच उठायचा त्याचा. एका गिऱ्हाइकाने खुर्चीतून त्याच्या पाठीत काठी ढोसली, बैलाला ढोसतात तशी, चल चल म्हणून. दादा तसाच चढत राहिला. सपाटी आल्यावर खुर्ची नीट टेकवली, त्या माणसाला हाताला धरून उतरवलं, काठी मागून घेतली, गुडघ्यावर मोडली, आणि दोन्ही तुकड्यांनी त्याला बडव बडव बडवलं. डोकं फुटलं त्याचं. दादा आठ दिवस कोठडीत होता. सुटून आला तेव्हा पाठ पोलिसांच्या पट्ट्याने फाटलेली, आणि मला सांगतो कसा, खुर्चीत बसलेला असताना हात लावला नाही हं मी. कारण आमच्यात दोन कायदे आहेत. खुर्चीत माणूस असताना परक्याने दांड्याला हात लावायचा नाही. आणि ज्याने वर चढवला त्यानेच खाली उतरवायचा.

वहिनीवर त्याने एकदाच हात उचलला. लग्नाला दोन महिने झाले होते. वहिनी रडली नाही, भांडली नाही. उलथनं शेगडीवर धरलं, लाल होऊ दिलं आणि त्याच्या दंडावर टेकवलं. परत कधी त्याने उचलला नाही. डाग शेवटपर्यंत होता. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायचा, लढाईतला आहे.

आता माझं लग्न. बाप गेला आणि दादाला मागे माणूस उरला नाही. खुर्चीत मागचा माणूस महत्त्वाचा. चढताना सगळा भार त्याच्यावर येतो आणि त्याला दिसत काहीच नाही, समोर नुसती खुर्चीची पाठ आणि गिऱ्हाइकाचं डोकं. पाय कुठं टाकायचा ते पुढच्याने सांगायचं आणि मागच्याने डोळे मिटून ऐकायचं. दादाने गोदामातला एक हमाल हेरला. मुकाट्याने काम करणारा. त्याला घरी आणलं, भिंतीला उभं केलं, स्वतः शेजारी उभा राहिला आणि मला दोघांच्या खांद्यांवर सुतळी धरायला लावली. सुतळी सरळ आली. दादा म्हणाला, ठमे, तुझं लग्न ठरलं. ठमी म्हणजे मी, मला तो तसंच म्हणायचा. आई चिडली की तू पोरीला नवरा बघतोयस का खुर्चीला मागचा. त्यावर दादा म्हणाला, "एकाच माणसात दोन्ही भागतंय तर तुझं काय जातंय?"

ते म्हणजे आमचे हे. यांना सगळे मागचा म्हणतात, घरात सुद्धा. एकोणीस वर्षं दादा पुढे आणि हे मागे. घरी दादा यांना दाजी दाजी करायचा आणि पायऱ्यांवर आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. मी म्हणायचे, अरे बहीण मीच ना. तर म्हणायचा, यांच्या बहिणीवरून देतो, तुला काय. यांना बहीणच नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं इथंच अडलं.

प्रत्येक जोडीचे आपले आपले शब्द असतात. दुसऱ्या जोडीला ते कळू देत नाहीत, कारण कोणी दुष्टाव्याने मागून भलतंच ओरडला तर खुर्ची माणसासकट खाली जाईल. दादाने काही शब्द बापाचे ठेवले, काही स्वतःचे केले. "दगड" म्हटलं की पायरी हलते आहे. "सासू" म्हटलं की पायरी उंच आहे, जपून. आणि "हात". दुसरा आणि तिसरा दरवाजा इतका चिंचोळा आहे की दांडा आणि भिंत यांच्यात दोन बोटं जागा राहते. दांडा धरून आत शिरलं तर बोटं खरवडून निघतात. म्हणून दरवाजा आला की दादा ओरडायचा "हात", आणि यांनी दोन्ही हात एकदम सोडून खाली सरळ करायचे, भार नुसता पट्ट्यावर. एकदम म्हणजे विचार न करता. विचार करत बसलं तर कातडी गेलीच. दिवसाला चार फेऱ्या, जाता येता दोन दोन दरवाजे. म्हणजे सोळा वेळा. अशी एकोणीस वर्षं. ऐकणाऱ्या परक्याला वाटायचं, तोफ कोणाला तरी मदतीला हात मागतोय. आमच्यात हात म्हणजे सोड.

यंदा ठरलं की किल्ल्यावर लिफ्ट होणार, टेकडीच्या पोटातून. लिफ्टवाले राखणीला माणसं घेत होते आणि यांनी अर्ज दिला. यांची कंबर गेली होती हो. सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरून उठायचे. दादाला सांगायची छाती यांना झाली नाही आणि मलाही झाली नाही. दादाला ते कळलं अड्ड्यावर, म्हणजे पहिल्या दरवाज्यापाशी खुर्चीवाले बसतात तिथं, आणि कळलं ते मुंगळ्याकडून.

मुंगळा म्हणजे दुसऱ्या जोडीतला पुढचा. एकदा चिकटला की सुटत नाही म्हणून मुंगळा. त्याचं आणि दादाचं पहिल्यापासून वाकडं. त्याने चारचौघांत विचारलं, काय तोफ, मागचा लिफ्टमध्ये चालला म्हणे, आता मागे काय बायकोला जुंपणार का. सगळे हसले. दादा त्याच्याकडे गेलाच नाही, यांच्याकडे आला. एवढंच विचारलं, खरं का. हे म्हणाले, हो. दादाच्या हातात पट्टा होता, त्याचं बकलाचं टोक त्याने यांच्या तोंडावर मारलं. ओठ उभा फाटला, वरचा दात तुटून मातीत पडला. मग खाली पाडून लाथा घातल्या, कमरेतच, जिथं दुखतं तिथंच. पाच सहा जणांनी दादाला ओढून बाजूला केलं. हे उठले, शर्टाने रक्त पुसलं, आणि एकोणीस वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं.

"एक दिवस सोडून देईन ना, तेव्हा कळेल तुला मागे कोण होतं."

काम सोडून देईन असं. दुसरं काय असणार. पण अड्ड्यावरच्या चाळीस माणसांनी ते ऐकलं, आणि पाचव्या दिवशी त्याच चाळीस माणसांना त्यात दुसरा अर्थ सापडला.

मधले चार दिवस दोघं खुर्ची उचलतच होते. घरी बोलणं बंद. पायऱ्यांवर दादा शब्द द्यायचा, हे पाय टाकायचे. शिव्या मात्र बंद झाल्या. मला त्याचीच भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी एक म्हातारे मास्तर आले. नव्वदीचे असतील. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि हा किल्ला फक्त पुस्तकात बघितला म्हणे. मुलगा खाली गाडीत बसून राहिला, मास्तरांना एकट्याला वर पाठवलं. दादाने नेहमीप्रमाणे मुंडक्यांचं सुरू केलं तर मास्तर वरून म्हणाले, एकोणतीस, नावासकट यादी आहे. माझ्यापाशी पाणी प्यायला थांबले तेव्हा दादा मला म्हणाला, "ठमे, हे पहिलं गिऱ्हाईक मला धडा देतंय." खूश होता. चार दिवसांत पहिल्यांदा हसला. यांना पण स्वतःच्या हाताने पाणी दिलं. मला वाटलं, चला, निवळलं.

वर गेल्यावर मास्तर एकेक पाटी वाचत बसले. दोन तास. हे मला नंतर सांगत होते, दादा टाक्याच्या एका काठाला आणि हे दुसऱ्या काठाला बसून वाट बघत होते. मास्तर हत्यारांच्या हॉलमधून मागच्या दाराने बाहेर पडले. तिथं मुंगळ्याची जोडी रिकामी खुर्ची घेऊन उभी. मास्तरांना काय माहीत आमचा कायदा. खुर्ची दिसली, बसले. मुंगळ्याला मात्र माहीत होतं त्यांना कोणी चढवलं ते.

तिसऱ्या दरवाज्यातून खाली उतरलं की दहा पायऱ्या आहेत आणि मग सपाट चौथरा. चौथऱ्याला एका बाजूने गुडघ्याएवढा कठडा. त्याच्याखाली साठ फूट काही नाही, थेट दुसऱ्या दरवाज्याचं दगडी छत. मी दरवाज्याच्या सावलीत बसते. आधी मुंगळ्याची खुर्ची माझ्यासमोरून खाली गेली, मास्तरांनी मला ओळखून मान हलवली. मग वरून दादा धावत आला. पायऱ्या दिसत नव्हत्या त्याला. माझ्या माठाला पाय लागून माठ फुटला तरी थांबला नाही. चौथऱ्यावर त्याने खुर्ची गाठली आणि मुंगळ्याचा दांडा धरला. मास्तर आत बसलेले असताना धरला. जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं.

खुर्ची कलली. मुंगळ्याच्या मागच्याने कशीबशी ती जमिनीला टेकवली. मास्तर बाहेर सांडल्यासारखे पडले, चष्मा फुटला, रांगत भिंतीशी जाऊन बसले. तोवर दादाने मुंगळ्याच्या डोळ्यावर पट्ट्याचं बक्कल मारलं होतं. डोळ्यातून पाण्यासारखं रक्त आलं. दादाने त्याचे केस धरले आणि तोंड चौथऱ्याच्या दगडावर आपटलं. एकदा, दोनदा. मी ओरडत होते, बास कर, मरेल तो. हे तेवढ्यात वरून आले आणि दादाला मागून मिठी मारून ओढायला लागले. दादाने कोपर मारून यांना उडवलं, फाटलेल्या ओठावरच बसलं ते. त्यात मुंगळा सुटला. त्याने खुर्चीच्या पट्ट्यातून दांडा उपसला आणि दोन्ही हातांनी फिरवला. पहिला दादाच्या बरगडीत बसला, वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. दादा वाकला. दुसरा कानावर. दादा जागच्या जागी फिरला, मांडी कठड्याला लागली आणि तो पलीकडे गेला.

हे पोटावर पडले आणि दादाचं उजवं मनगट धरलं. उजव्या हाताने मनगट आणि डाव्या हाताने कठड्याचा दगड. मी पायऱ्या उतरत होते. मला दादाचं तोंड दिसत होतं. कानातून रक्त गळत होतं, डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. त्याने वर यांच्याकडे बघितलं. त्याला यांचा दुसरा हात पाहिजे होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो शब्द साध्या अर्थाने वापरला. आवाज मात्र तोच, रोजचा.

"हात."

आणि यांनी सोडलं. दोन्ही सोडले. दादाला धरलेला आणि दगडाला धरलेला, दोन्ही हात एकदम उघडले आणि खाली सरळ झाले, दरवाज्यात होतात तसेच. हे स्वतः छातीपर्यंत कठड्याबाहेर घसरले. तोवर मी पोचले होते, पाय धरले म्हणून राहिले. ज्याला मुद्दाम सोडायचं असतं तो दगड कशाला सोडेल, हे तुम्हीच सांगा.

दादा ओरडला नाही. खालून फक्त आवाज आला. मी उतरून गेले तेव्हा तो छतावर उताणा होता, डोळे उघडे, डोक्याची मागची बाजू उरली नव्हती. किल्ला बघायला आलेला एक जण वरून त्याचा फोनवर व्हिडिओ काढत होता. मी परत वर चढले, त्याचा फोन हिसकला आणि दगडावर आपटून त्याचे तुकडे केले. तो मला काहीतरी बोलणार होता, माझ्या हाताला काय लागलंय ते बघून मागे सरला.

पोलिसांनी मुंगळ्याला पण नेलं आणि यांना पण. मुंगळ्याने सरळ सांगितलं, मी मारलं हे खरं, पण तो मेला नव्हता, लटकत होता, मागच्याने सोडला. पाच दिवसांपूर्वी बोलून दाखवलं होतं त्याने. चाळीस जणांनी मान डोलावली. म्हणजे मुंगळ्याकडे नुसती मारामारी आणि यांच्याकडे खून. मी साहेबांना शब्दाचं सांगितलं. साहेब मला म्हणाले, बाई, बुडता माणूस हात म्हणाला तर त्याचा अर्थ सोड, हे मी कागदावर लिहू का? वर मी बायको, माझं कोण खरं मानतो. मास्तरांचा चष्मा फुटलेला, त्यांना काही दिसलं नव्हतं. दुसऱ्या जोडीला आमचा शब्द माहीत नाही. माहीत असलेलं एकच माणूस उरलं, वहिनी.

मी आधी यांना भेटायला कोठडीत गेले. यांना इतकं मारलं होतं की एक कान दुमडलेला दिसत होता. मी गजाजवळ बसले आणि विचारलं, मला खरं सांगा, तुम्ही सोडलंत का. यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "शब्द आला आणि हात उघडला. मी उघडला की आपला आपण उघडला, ते मला नाही माहीत."

मी गजातून हात घातला, यांचे केस धरले आणि डोकं गजावर आपटलं. दोनदा. शिपायाने मला ओढून बाहेर काढलं. यांनी डोकं मागे घेतलं नाही.

मग वहिनीकडे गेले. तिला शब्द चांगला माहीत होता. त्यांची पोर लहान असताना गरम भांड्याकडे गेली की दादा पायऱ्यांवरच्यासारखाच ओरडायचा "हात", आणि पोर झटकन मागे व्हायची. मी म्हटलं, वहिनी, तू नुसतं एवढंच सांग. ती म्हणाली, मला कसला शब्द माहीत नाही. मी म्हटलं, माहीत आहे तुला. तिने भरलेला तांब्या उचलून मारला. इथं कपाळावर पाच टाके आहेत. रक्त डोळ्यात जात होतं आणि ती शांतपणे म्हणाली, "वन्सं, तुमचा कोठडीत का होईना, जेवतोय. माझा कुठं जेवतोय? जा इथून, नाहीतर दुसरा मारीन."

अकराव्या दिवशी तिचा जबाब होता. मी चौकीत दाराबाहेर बाकड्यावर बसले, दार उघडंच होतं. साहेबांचं टेबल लोखंडी, वर काच, काचेखाली पत्त्यांच्या चिठ्ठ्या. एका बाजूला डोळ्याला पट्टी बांधलेला मुंगळा आणि साक्षीला आलेला त्याचा मागचा, दुसऱ्या बाजूला बेड्या घातलेले हे. साहेबांनी विचारलं, तुझ्या नवऱ्याचं आणि याचं वैर होतं का. वहिनी म्हणाली, पाच दिवस बोलत नव्हते. सोडून देईन असं हा म्हणाला होता का. वहिनी म्हणाली, म्हणाला असं ऐकलं. साहेब लिहायला लागले. मला वाटलं, संपलं. आता हे काही घरी येत नाहीत.

मुंगळ्याने तेवढ्यावर गप्प बसायचं ना. पण चिकटायची सवय. तो म्हणाला, साहेब, चूक एकट्या मागच्याची पण नाही. तोफेला नीट सांगताच यायचं नाही, नुसता बोंबलायचा. एकोणीस वर्षं याने मागे नुसत्या ठेचा खाल्ल्या. वैतागला, दिला सोडून.

वहिनी म्हणाली, परत म्हण. त्याने परत म्हटलं.

ती उठली. यांच्याकडे गेली, बेडीला धरून यांना टेबलापाशी ओढलं आणि यांचे दोन्ही हात पालथे काचेवर आपटले. काच तडकली. "बघा साहेब. बोटांचे सांधे बघा. एक ओरखडा दाखवा मला." मग मुंगळ्याच्या मागच्याचा हात धरून तोही काचेवर ठेवला. त्याचे सांधे सगळे सोललेले, गाठी आलेल्या, एका बोटाला नखच नाही. "हा याचा मागचा. याला हा सांगतो, म्हणून ही दशा. माझ्या माणसाने एकोणीस वर्षं दरवाजा आला की हात म्हटलं आणि यांनी सोडले. एकदाही उशीर केला नाही त्याने सांगायला. त्याचे स्वतःचे हात बघितलेत ना तुम्ही? मेल्यावर बघितलेत. त्याच्यासाठी ओरडायला पुढे कोणी नव्हतं."

साहेबांनी दवाखान्याचा कागद काढून वाचला. दोन्ही हातांच्या बोटांवर जुने वण, असं त्यात होतं. मग मुंगळ्याच्या मागच्याला विचारलं, काय रे, दरवाज्यात हात सोडावे लागतात का. तो मुंगळ्याकडे न बघता म्हणाला, लागतात साहेब, आमचा शब्द वेगळा आहे, पण लागतात. साहेबांनी वहिनीला विचारलं, यांचा शब्द हात, हे तुला नक्की माहीत आहे? वहिनी म्हणाली, "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं." साहेबांनी लिहिलेला कागद बाजूला काढला आणि दुसरा घेतला.

दुपारी यांच्या बेड्या काढल्या. मुंगळा आत राहिला, दांड्याचे दोन फटके त्याच्या नावावर लागले.

हे चौकीच्या आवारात आले. तिथं जप्त केलेल्या स्कूटर लावलेल्या असतात, वहिनी त्यांच्यापाशी उभी होती. मला वाटलं ती आमच्याबरोबर घरी येईल. तिने हातातली पिशवी माझ्याकडे दिली, पायातली चप्पल काढली आणि यांच्या तोंडावर मारली. मग मारतच राहिली. गालावर, फाटक्या ओठावर, डोक्यावर, हे वाकले तर पाठीवर. यांनी हात वर केले नाहीत. एक शिपाई पुढे आला, मला विचारलं ही कोण याची. मी म्हटलं, माझी वहिनी, राहू द्या. तो परत जाऊन उभा राहिला. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा ती बुक्क्यांनी मारायला लागली, आणि मारता मारता तिला धाप लागली आणि ती बोलायला लागली. एकोणीस वर्षं ऐकलंस त्याचं, म्हणाली. प्रत्येक वेळी ऐकलंस. त्या एका वेळी नसतं ऐकलं तर काय झालं असतं.

हे वाकलेलेच राहिले. मी पिशवी धरून उभी होते. मला पण तेच विचारायचं होतं.